शाफ्ट ड्राइव्हच्या मोटारसायकलीतील फायनल ड्राइव्ह: तेल, स्प्लाइन आणि सील यांची देखभाल

शाफ्ट ड्राइव्हची, म्हणजे साखळीऐवजी फिरत्या दांड्याने (शाफ्टने) मागचे चाक चालवणारी, मोटारसायकल घेऊ पाहणाऱ्याला बहुतेक सगळे एकच फायदा सांगतात, तो म्हणजे साखळीची कटकट नाही. साखळीला दर काही शे किलोमीटरांनी वंगण द्यावे लागते, तिचा ताण पाहावा लागतो आणि दोन्ही स्प्रॉकेटांसह ती ठरावीक काळाने बदलावी लागते. शाफ्टला यांपैकी काहीच लागत नाही. हे खरे आहे. पण मागच्या चाकाजवळच्या त्या धातूच्या पेटीकडे, म्हणजे फायनल ड्राइव्हकडे, कधी पाहायलाच नको, असा जो अर्थ पुष्कळजण त्यातून काढतात, तो मात्र खरा नाही. साखळी बिघडू लागली की आवाज करते, लोंबते, डोळ्यांना दिसते. फायनल ड्राइव्हचे सगळे काम झाकलेल्या जागी चालते, आणि त्याचा बिघाड बाहेरून जाणवतो तेव्हा साध्या उपायाची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या सूचनांचा क्रम तिच्यावर ठरला आहे. या पेटीतले गिअर सहसा मोडत नाहीत. ते तेलात फिरतात, त्यांचे दाते कठीण केलेल्या पोलादाचे असतात आणि तेल वेळच्या वेळी बदलले तर ते बहुधा इंजिनापेक्षा जास्त टिकतात. झिजतात ते तेलाबाहेरचे भाग: चाकाच्या हबमधील (मधल्या भागातील) आणि शाफ्टच्या टोकांवरील स्प्लाइन (एकमेकांत बसणारे सरळ दाते), रबरी बूट (आवरण), तेल अडवणाऱ्या सीलचे ओठ. देखभालीचा बहुतेक वेळ तेलावर खर्च होतो आणि बहुतेक नुकसान स्प्लाइनवर होते, ही या विषयातली विसंगती आहे.

रचना थोडक्यात

गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्ट स्विंग आर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या भुजेच्या) पोकळ नळीतून मागे जातो. स्विंग आर्म वर-खाली होत असल्यामुळे शाफ्टच्या वाटेवर एक किंवा दोन युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकलेल्या स्थितीतही फिरणारे सांधे, असतात. शाफ्टचे मागचे टोक पिनियनला जोडलेले असते. हा लहान बेव्हल (शंकूच्या आकाराचा) गिअर मोठ्या क्राउन व्हीलला काटकोनात फिरवतो आणि क्राउन व्हील चाकाला फिरवते. चाक दोन्ही बाजूंनी धरलेले असेल तर ते बहुधा स्प्लाइनद्वारे क्राउन व्हीलशी जोडलेले असते. एकाच बाजूने धरलेले असेल तर ते सहसा क्राउन व्हीलच्या फ्लँजवर थेट बोल्टने बसवलेले असते. आपली गाडी या दोहोंपैकी कोणत्या प्रकारची आहे हे आधी पाहून घ्यावे, कारण थेट बोल्टच्या गाडीत चाकाजवळच्या स्प्लाइनचा प्रश्नच उरत नाही आणि सगळी काळजी शाफ्टच्या टोकांकडे व मोठ्या बेअरिंगकडे वळते.

१९२३ च्या बीएमडब्ल्यू आर-३२ मध्ये इंजिनाचा क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीला समांतर होता, त्यामुळे गतीला फक्त मागच्या चाकापाशी एकदाच काटकोनात वळावे लागे. आडव्या क्रँकशाफ्टच्या इंजिनांत हे वळण दोनदा घ्यावे लागते, म्हणून गिअरबॉक्सजवळ बेव्हल गिअरची आणखी एक जोडी असते. काही मॉडेलांत या पुढच्या जोडीलाही स्वतंत्र तेल असते, आणि त्याचा बोल्ट इंजिनाखाली कुठेतरी लपलेला असल्यामुळे वर्षानुवर्षे त्याला कोणी हात लावत नाही. काही जुन्या बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरांच्या) गाड्यांत तर शाफ्टच्या नळीतही वेगळे थोडे तेल भरावे लागते. माहितीपुस्तिकेतील वंगणांच्या तक्त्यात एकूण किती तेलांची नोंद आहे हे एकदा मोजावे.

तेल कोणते आणि किती

बेव्हल गिअरच्या दात्यांमध्ये केवळ लोळण्याची नव्हे, तर एकमेकांवर घासत सरकण्याचीही हालचाल होते. पिनियनचा अक्ष क्राउन व्हीलच्या अक्षापासून बाजूला सरकवलेला असेल, म्हणजे गिअर हायपॉइड प्रकारचे असतील, तर हे घासणे आणखी वाढते. दाबाखाली तेलाचा थर पुसला जाण्याचा धोका असल्यामुळे या कामासाठीच्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असतात. दाते तापले की ती धातूच्या पृष्ठभागाशी संयोग पावून एक संरक्षक पापुद्रा तयार करतात. गिअर ऑइलचा तो उग्र वास या गंधकाचाच. इंजिन ऑइलमध्ये हा गुण पुरेशा प्रमाणात नसतो, म्हणून ते येथे चालत नाही.

बहुतेक उत्पादक एपीआय जीएल-५ दर्जाचे हायपॉइड गिअर ऑइल सांगतात आणि त्याचा चिकटपणा ८०डब्ल्यू-९०, ७५डब्ल्यू-९० किंवा नुसता ८० वा ९० असतो. ९० हा आकडा पाहून हे तेल इंजिनाच्या ४० किंवा ५० क्रमांकाच्या तेलापेक्षा दुप्पट घट्ट असेल असे वाटते, पण दोन्ही तेलांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत; १०० अंश सेल्सिअसला ९० क्रमांकाचे गिअर ऑइल साधारण ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन ऑइलइतकेच घट्ट असते. जीएल-४ आणि जीएल-५ यांच्यातील फरकाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच वापरावे, आणि मोटारीच्या गिअरबॉक्ससाठी आणलेले तेल उरले आहे म्हणून येथे ओतू नये.

तेलाचे प्रमाण अगदी थोडे असते, बहुतेक गाड्यांत सुमारे १५० ते २५० मिलिलिटर. इतक्या थोड्या तेलात ५० मिलिलिटरची चूकही मोठी ठरते. तेल कमी पडले तर दाते आणि वरचे बेअरिंग तापतात. जास्त झाले तर ते घुसळून फेसाळते, गरम होऊन फुगते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) बाहेर येऊन ब्रेकच्या चकतीवर किंवा टायरवर पसरते. या दोहोंत जास्त तेलाची चूक मला अधिक धोक्याची वाटते, कारण तिच्यात गिअरबरोबर चालकाचाही जीव टांगणीला लागतो. काही पुस्तिकांत पेटी पूर्ण उघडून कोरडी केल्यानंतरचे आणि नेहमीच्या तेलबदलाचे असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात. नेहमीच्या बदलात थोडे तेल कोपऱ्यांत राहत असल्यामुळे लहान आकडा घ्यायचा असतो.

बदलाचा काळ साधारणपणे २०,००० ते ४०,००० किलोमीटर असतो आणि त्याला वर्षांचीही मर्यादा जोडलेली असते. नव्या गाडीचा किंवा नव्या गिअरजोडीचा पहिला बदल मात्र अनेक ठिकाणी १,००० किलोमीटरांच्या आसपास सांगितलेला असतो, कारण नवे दाते एकमेकांशी जुळताना बारीक कीस सोडतात. माझे वैयक्तिक मत असे आहे की वर्षाला थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीतही दोन वर्षांनी तेल बदलावे. पाव लिटर तेलाची बचत करण्यासारखी ही जागा नाही.

तेल बदलताना

गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून तेल कोमट करून घ्यावे, म्हणजे ते पूर्ण निथळते आणि तळाशी बसलेला गाळही त्याच्याबरोबर येतो. नंतर सपाट जागेवर गाडी सेंटर स्टँडवर सरळ उभी करावी. साइड स्टँडवर गाडी कललेली असते, आणि भरण्याच्या छिद्राच्या कडेवरून पातळी ठरवायची असल्यामुळे त्या अवस्थेत घेतलेले माप चुकीचे ठरते. सेंटर स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड वापरून गाडी उभी धरावी आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे ना हे पाहावे.

तेल काढण्याआधी भरण्याचा बोल्ट सैल करावा. हा नियम साधा आहे आणि तो मी एकदा मोडला आहे: खालचा बोल्ट काढून सगळे तेल डब्यात घेतले आणि मग कळले की वरचा बोल्ट कोणीतरी बेसुमार आवळून ठेवला होता, पाना फिरून त्याचे षटकोनी खाच गोल झाले आणि तेलाविना गाडी दोन दिवस जागच्या जागी उभी राहिली. वरचा बोल्ट आधी निघाला तरच खालच्याला हात लावायचा. बोल्टच्या सभोवतीची धूळ ब्रशने व फडक्याने आधीच पुसून घ्यावी, नाहीतर छिद्र उघडताच ती आत जाते.

तेल निथळत असताना मागचा टायर आणि ब्रेकची चकती जुन्या कापडाने झाकून ठेवावी. अनेक गाड्यांत निचऱ्याचे छिद्र टायरच्या इतके जवळ असते की धार सरळ त्याच्यावर पडते. तेव्हा जाड पुठ्ठ्याची पन्हळ करून तेल डब्यात वळवावे. चाक हाताने हळूहळू फिरवले की क्राउन व्हीलच्या दात्यांतले तेलही खाली उतरते. दहा मिनिटे थांबावे.

बोल्टचे वॉशर दाबले जाऊन बसणारे असतात, म्हणून प्रत्येक वेळी नवे घालावे. पेटी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि बोल्ट पोलादाचा असल्यामुळे जास्त जोर लावल्यास आटे पेटीचेच जातात. या बोल्टांचा टॉर्क (पिळाचा जोर) सहसा २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, आणि भरण्याच्या बोल्टचा त्याहूनही कमी असू शकतो; मनगटाच्या अंदाजावर विसंबण्याऐवजी पुस्तिकेतील आकडा व टॉर्क पाना वापरावा. नवे तेल मोजलेल्या बाटलीतून किंवा मोठ्या सिरिंजने भरावे. ज्या गाड्यांत छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरायचे असते तेथे तेल ओघळू लागले की थांबावे; जेथे फक्त प्रमाण दिलेले असते तेथे तेवढेच ओतावे, छिद्रापर्यंत भरण्याचा आग्रह धरू नये.

काढलेले तेल वाचणे

जुने तेल फेकण्यापूर्वी त्याच्याकडे नीट पाहावे. पांढऱ्या थाळीत त्याचा पातळ थर पसरून ऊन किंवा दिवा तिरका धरला की त्यातील कण चमकतात. अनेक बोल्टांच्या टोकाला चुंबक असते; त्याच्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप जमलेला असेल तर ती नेहमीची झीज आहे, विशेषतः पहिल्या एक-दोन बदलांत. तो लेप बोटांत चोळला तर कण जाणवत नाहीत. बोटाला टोचणारा तुकडा, चपटी पापडी किंवा सुईसारखी काडी मिळाली तर दात्याचा अथवा बेअरिंगचा पृष्ठभाग सोलला जात आहे असे समजावे आणि गाडी पेटी उघडून पाहिल्याशिवाय चालवू नये.

तेल दुधाळ किंवा खाकी झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. काळे पडलेले पण स्वच्छ, गुळगुळीत तेल ही चिंतेची गोष्ट नाही. जळका वास आणि डांबरासारखा घट्टपणा मात्र तेल कमी पडल्याचे किंवा बेअरिंग फार घट्ट बसवल्याचे लक्षण असू शकते. निघालेल्या तेलाचे मापही घ्यावे. भरलेल्यापेक्षा पुष्कळ कमी निघाले आणि बाहेर कुठेही ओल दिसली नाही, तर पिनियनच्या सीलमधून ते शाफ्टच्या नळीत उतरले असण्याचा संभव आहे.

चाकाजवळच्या स्प्लाइन

आता ज्या भागाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते त्याच्याकडे वळू. स्प्लाइन म्हणजे एकमेकांत बसणारे सरळ दाते. ते फिरत नाहीत, म्हणून त्यांना वंगण कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चाक आणि क्राउन व्हील यांचे अक्ष कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात, शिवाय प्रत्येक वेळी थ्रॉटल उघडताना व मिटताना भार एका बाजूच्या दात्यांवरून दुसऱ्या बाजूवर जातो. त्यामुळे दात्यांमध्ये केसाहूनही बारीक पुढे-मागे हालचाल अखंड चालू राहते. ती वंगणाविना झाली की पोलादाचे सूक्ष्म कण सुटतात, हवेत गंजतात आणि तांबूस भुकटी होतात. ही भुकटी पोलादापेक्षाही कठीण असल्यामुळे पॉलिश पेपरसारखे काम करते आणि झीज आपला वेग आपणच वाढवत नेते.

भाराचे प्रमाणही लक्षात घ्यावे. जुन्या बॉक्सर गाड्यांत ११ दात्यांच्या पिनियनला ३२ किंवा ३३ दात्यांचे क्राउन व्हील जोडलेले असे, म्हणजे शाफ्टवरचा टॉर्क चाकाकडे जाताना जवळपास तिप्पट होई. इतर गाड्यांत आकडे निराळे असले तरी प्रकार हाच आहे. चाकाच्या स्प्लाइन हा वाढलेला टॉर्क पेलतात, आणि त्यांच्यावर तेलाचा एक थेंबही पोहोचत नाही.

म्हणून नियम असा करावा की मागचे चाक ज्या कोणत्या कारणाने निघेल, त्या वेळी स्प्लाइन साफ करून पुन्हा वंगण द्यायचे. टायर बदलताना चाक निघतेच, त्यामुळे वेगळे काम करावे लागत नाही. टायर दुसऱ्याकडून बदलून घेत असाल तर हे काम होईलच असे गृहीत धरू नये. मी हाताळलेल्या एका जुन्या गाडीचे टायर आधी अनेकदा बदललेले दिसत होते आणि स्प्लाइनमध्ये मात्र कोरड्या तांबड्या भुकटीशिवाय काहीच नव्हते.

चाक काढताना स्पेसर व वॉशर ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने ओळीत मांडून ठेवावेत, आणि ब्रेकचा कॅलिपर त्याच्या नळीवर लोंबकळू न देता दोरीने बांधावा. ॲक्सल निघाला की चाक फायनल ड्राइव्हपासून दूर सरकवले म्हणजे दोन्ही बाजूंचे दाते दिसतात. जुने ग्रीस रॉकेल किंवा ब्रेक क्लीनरने, ताठ ब्रश वापरून, प्रत्येक खाचेतून काढावे. या वेळी द्रव पेटीच्या सीलवर मारू नये. फवारा ब्रशवर घ्यावा आणि ब्रशने दाते घासावेत. कोरड्या फडक्याने पुसल्यावर दाते पाहावेत. चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो आणि दोन्ही बाजू सारख्या असतात. एक बाजू पोखरून दाता करवतीच्या दात्यासारखा तिरका झाला असेल, माथा धारदार झाला असेल, किंवा दात्याच्या लांबीत मध्येच पायरी पडली असेल, तर तो भाग संपत आला आहे. चाक अर्धवट बसवून हाताने मागे-पुढे फिरवले तर किती मोकळीक आहे हेही कळते. झिजलेल्या स्प्लाइनला कितीही वंगण दिले तरी गेलेला धातू परत येत नाही, आणि ते दाते पूर्ण सोलले गेले की इंजिन चालू राहते, गिअर पडतो, पण चाक जागचे हलत नाही.

वंगण कोणते, यावर वाद घालण्यासारखे फारसे काही नाही: मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट. या पदार्थाचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक रचलेले असतात आणि दाबाखालीही सरकत राहतात, त्यामुळे तेलाचा अंश उडून गेला तरी दात्यांवर कोरडा वंगणथर उरतो. होंडाच्या अनेक पुस्तिकांत ४० टक्क्यांहून जास्त मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेली पेस्ट सांगितलेली आहे. दुकानात ‘मॉली ग्रीस’ म्हणून मिळणाऱ्या डब्यात हे प्रमाण साधारण ३ टक्के असते. दोन्ही काळेच दिसतात, म्हणून डब्यावरचा मजकूर वाचून घ्यावा. साधे बेअरिंगचे ग्रीस वेगाने फिरताना दात्यांवरून बाहेर फेकले जाते आणि थोड्याच दिवसांत स्प्लाइन पुन्हा कोरड्या पडतात.

पेस्ट दोन्ही बाजूंच्या दात्यांना, बाजूंवर व तळाशी, पातळ आणि सलग लावावी. ढीग लावल्याने फायदा होत नाही. जास्तीची पेस्ट पुढे ढकलली जाते, कधी चाक पूर्ण बसू देत नाही, आणि बाहेर येऊन ब्रेकच्या दिशेने उडते. हबमध्ये जो रबरी ओ-रिंग असतो तो पेस्ट आत आणि पाणी बाहेर ठेवतो. तो चपटा किंवा चिरलेला दिसला तर लगेच नवा घालावा, कारण तो नसेल तर सगळी मेहनत पहिल्या पावसात वाहून जाते. हबमध्ये रबरी डँपर असतील तर तेही याच वेळी पाहावेत. ते कडक झाले की प्रत्येक हिसका थेट दात्यांवर येतो.

चाक परत बसवण्याबाबत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. काही जपानी गाड्यांत फायनल ड्राइव्हची पेटी स्विंग आर्मला तीन-चार नटांनी जोडलेली असते, आणि तेथे हे नट आधी सैल ठेवून ॲक्सल आवळल्यानंतरच ते पूर्ण आवळण्याची पद्धत आहे. ॲक्सल आवळताना पेटी स्वतः योग्य रेषेत येते. उलट क्रमाने केले तर पेटी वाकड्या स्थितीत अडकते आणि स्प्लाइनला कायमचा तिरका भार मिळतो. आपल्या मॉडेलला कोणता क्रम सांगितला आहे ते पुस्तिकेत पाहावे.

शाफ्ट, जॉइंट आणि बूट

शाफ्टच्या टोकावरील स्प्लाइन पाहण्यासाठी पेटी स्विंग आर्मपासून वेगळी करावी लागते, म्हणून हे काम दर टायरला करायची गरज नाही. दोन-तीन टायरमागे एकदा, किंवा जुनी गाडी हाती आल्यावर लगेच करावे. पेटी सरळ मागे ओढावी, वाकवून उपटू नये, कारण पिनियनच्या सीलचा ओठ फाटतो. टोकाशी स्प्रिंग किंवा सरक्लिप असेल तर ती कोणत्या दिशेने होती याचे छायाचित्र काढून ठेवावे. साफसफाई आणि पेस्ट वरीलप्रमाणेच. नळीत तेल सांडलेले दिसले तर पिनियनचे सील गळत आहे; पाणी किंवा गंज दिसला तर पुढचे बूट फाटले आहे किंवा त्याचा पट्टा सैल आहे.

शाफ्टला दोन युनिव्हर्सल जॉइंट असतील तर तो सुटा करण्याआधी दोन्ही भागांवर खडूने किंवा रंगाने एक सरळ रेघ मारावी. वाकलेल्या स्थितीतील एकच जॉइंट पुढच्या शाफ्टला एका फेऱ्यात दोनदा किंचित वेगवान व दोनदा किंचित मंद करतो. दुसरा जॉइंट योग्य कोनात बसवलेला असेल तर हा चढउतार तो रद्द करतो. स्प्लाइनचे एक-दोन दाते चुकवून शाफ्ट जोडला तर हे रद्द होणे बिघडते आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरू लागते, ज्याचे कारण मग टायरमध्ये शोधले जाते. जॉइंट हातात धरून सगळ्या दिशांना वाकवून पाहावा. तो सगळीकडे सारखा, किंचित ओढून वाकला पाहिजे. मध्येच अडखळला किंवा सैल वाटला तर बदलावा.

मोकळीक आणि आवाज

महिन्यातून एकदा, गाडी सेंटर स्टँडवर असताना, मागचे चाक वर आणि खाली धरून हलवून पाहावे, मग पुढे आणि मागे धरून. टकटक जाणवली तर घाईने निष्कर्ष काढू नये, कारण ती क्राउन व्हीलच्या बेअरिंगमधून, चाकाच्या बेअरिंगमधून किंवा स्विंग आर्मच्या सांध्यातून येऊ शकते. एकाने चाक हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर आळीपाळीने बोट ठेवावे. ज्या ठिकाणी बोटाखाली दोन भाग एकमेकांपासून हलताना जाणवतील तेथेच दोष आहे. एका बाजूने धरलेल्या चाकाच्या गाडीत पेटी आणि चाक यांच्यात हालचाल आढळली तर क्राउन व्हीलचे मोठे बेअरिंग झिजले आहे, आणि अशी गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

गिअर टाकून चाक पुढे-मागे फिरवले तर थोडी मोकळीक नेहमीच जाणवते. ती एकट्या फायनल ड्राइव्हची नसून गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या सगळ्या सांध्यांची बेरीज असते. तिचे आजचे माप रिमवर खूण करून मिलिमीटरमध्ये टिपून ठेवावे. पुढच्या वेळी ते वाढले आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा. बेव्हल गिअरचा बारीक, एकसुरी आवाज बहुतेक गाड्यांत असतो आणि तो थ्रॉटलप्रमाणे बदलतो. पूर्वी नव्हता असा आवाज येऊ लागला तर लक्ष द्यावे: भार असताना येणारा उंच सूर दात्यांच्या स्पर्शातील बदल सुचवतो, आणि भार असो वा नसो चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगकडे बोट दाखवते. प्रवासानंतर पेटीजवळ हात नेऊन तिची ऊब पाहण्याची सवयही चांगली, कारण आपल्या गाडीची नेहमीची ऊब माहीत असेल तरच वाढलेली उष्णता ओळखता येते.

जे घरी करू नये

क्राउन व्हील आणि पिनियन यांची मांडणी हे काम अनुभव व उपकरणांशिवाय हाती घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणतो. आधी शिम (पातळ चकत्या) घालून पिनियनची खोली ठरवावी लागते, मग दात्यांमधील मोकळीक डायल गेजने मोजून क्राउन व्हीलची जागा ठरते, आणि बेअरिंगचा पूर्वभारही (बसवतानाच दिलेला दाब) योग्य ठेवावा लागतो. होंडाच्या अनेक गाड्यांत ही मोकळीक ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर इतकीच अपेक्षित असते. शेवटी दात्यांना निळा रंग लावून, किंचित भार देत फिरवून, स्पर्शाचा ठसा पाहिला जातो. तो दात्याच्या मध्याजवळ हवा, कडेला नको. एक शिम बदलला की बाकी मापेही बदलतात. शिवाय ही दोन चाके जोडीनेच बनवलेली असतात, त्यामुळे एक बदलून दुसरे तसेच ठेवता येत नाही. बाहेरचे सील बदलणे मात्र काही मॉडेलांत सांभाळून करता येते: नव्या सीलच्या ओठाला गिअर ऑइल लावावे, ते तिरके न जाऊ देता सारखे आत बसवावे, आणि ज्या पृष्ठभागावर ओठ टेकतो तेथे नखाला लागणारी चर नाही ना हे पाहावे.

सील गळू लागले म्हणून ते बदलण्याआधी ब्रीदर तपासावा. पेटी तापली की आतली हवा फुगते आणि तिला बाहेर जायला ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला तर दाब सीलवर येतो आणि चांगले सीलही तेल सोडते. त्याची टोपी हाताने फिरते का हे पाहावे, आणि जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने गाडी धुताना ब्रीदर, बूट व सील यांच्यावर धार धरू नये.

पाण्यातून गाडी नेणाऱ्यांनी एक भौतिक कारण ध्यानात ठेवावे. तापलेली पेटी थंड पाण्यात बुडाली की आतली हवा एकदम आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या ओठाखालून पाणी आत खेचले जाते. प्रवाह लहान असेल आणि थांबण्यासारखी जागा असेल तर आधी काही मिनिटे पेटी निवू द्यावी. पाणी पेटीच्या वर गेले असेल तर त्याच मुक्कामी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, निचऱ्याचा बोल्ट थोडासा सैल करून पहिले काही थेंब काचेच्या भांड्यात घ्यावेत. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी साचते आणि आधी बाहेर येते. पहिला थेंब स्वच्छ तेलाचा निघाला तर बोल्ट पुन्हा आवळून पातळी पाहावी. पाणी निघाले किंवा तेल दुधाळ दिसले तर ते पूर्ण काढून नवे भरावे, शंभर-दोनशे किलोमीटर चालवावे आणि आत उरलेला ओलावा जावा म्हणून तेही एकदा बदलावे.